उन्हाळ्याची सुटी : राहुटी कीं बंगला ?

शाळांच्या वार्षिक परीक्षा आटोपतात, बाजारांत हापूसच्या पेट्या दिसूं लागतात आणि दुपारच्या झळांनीं घरांतल्या भिंती तापूं लागतात, तेव्हां शहरांतील मध्यम स्थितीच्या प्रत्येक कुटुंबांत एक प्रश्न निघतो, "यंदा सुटींत कोठें जावयाचें?" दोन पिढ्यांपूर्वीं हा प्रश्न बहुधा पडतच नसे. आजोळ नांवाचें एक गांव असे. तेथें विहीर असे, आमराई असे, ओटीवर निजावयास जागा असे, आणि मामाच्या घराला भाडें नसे. आज पुष्कळ मुलांचें आजोळ त्याच शहरांत, चार स्थानकें पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर असतें. म्हणून हवापालट हा पैसे मोजून मिळवावा लागतो, आणि त्याचे दोन मार्ग समोर येतात. एक, थंड हवेच्या ठिकाणीं बंगला भाड्यानें घेणें. दुसरा, एखाद्या जलाशयाकाठीं राहुटी ठोकणें. मुलांना राहुटी हवी असते, वडीलधाऱ्यांना बंगला. आणि पुष्कळ घरीं निकाल लागतो तो जाहिरातींतील चित्र पाहून.

वास्तविक हा निर्णय चार गोष्टी तपासून करावयाचा असतो : हवा, धोके, खर्च आणि श्रम. पहिल्या तिहींचा विचार बहुतेक लोक थोडाफार करतात. चौथीचा क्वचितच होतो, आणि सुटी साधते कीं फसते तें बहुधा चौथीवरच अवलंबून असतें.

दोन्ही प्रकार महाराष्ट्राला नवे नाहींत. मराठी फौजांच्या छावण्यांत राहुट्यांचीं गांवेंच्या गांवें उभीं राहत. डेरा, कनात, मेख, तणावा हे शब्द त्या काळापासून भाषेंत रुळलेले आहेत. थंड हवेचीं ठिकाणें मात्र इंग्रजी अमदानींत वसलीं. १८२४ सालीं कर्नल लॉडविक महाबळेश्वरच्या कड्यावर चढून गेले, आणि पुढें गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत तेथें वस्ती झाली. माथेरानची हकीकत अधिक बोलकी आहे. १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तंबू डोंगराच्या पायथ्याशीं चौक येथें पडला होता. ते सहज डोंगर चढून गेले. वरची गर्द झाडी आणि हवा त्यांना आवडली, आणि पुढें त्यांनीं तेथें घर बांधलें. मे महिन्यांत तंबूंत राहिलेल्या माणसाच्याच मनांत वर घर बांधण्याचें आलें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

प्रथम हवेचा विचार. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर चढल्यावर उष्णतामान सरासरीनें साडेसहा अंशांनीं उतरतें. महाबळेश्वर सुमारें १,३५० मीटर उंचीवर आहे, माथेरान सुमारें ८०० मीटरांवर. पायथ्याच्या कोंकणांत पारा ३६ अंशांवर असतां, या हिशेबानें महाबळेश्वरीं तो २७-२८ च्या आसपास राहावा. उलटपक्षीं, आज राहुट्या ठोकल्या जातात त्या बहुधा पवना किंवा भंडारदरा यांसारख्या धरणांच्या जलाशयांकाठीं. हीं स्थळें महाबळेश्वराहून बरींच खालीं आहेत. पाण्यावरून येणारा वारा तेथें सुखावतो, रात्र रम्य असते. पण मे महिन्याची दुपार कांहीं कोणास चुकत नाहीं.

त्यांत निवाऱ्याच्या गुणधर्माची भर पडते. राहुटीचें कापड पातळ. सूर्याची उष्णता त्यांतून तात्काळ आंत येते आणि आंतल्या तापल्या हवेस बाहेर पडण्यास पुरेशी वाट नसते. म्हणून सकाळीं नऊ-दहानंतर उन्हांतली राहुटी बाहेरच्या सावलीपेक्षां अधिक तापते. रात्रीं उलट प्रकार होतो. तेंच कापड आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकून झपाट्यानें गार होतें, आणि पहांटे निजलेल्या माणसांच्या श्वासांतील वाफ आंतल्या बाजूस दंवासारखी जमते. मुलांना वाटतें, राहुटी गळते आहे. वस्तुतः तें त्यांच्याच श्वासाचें पाणी असतें. जुन्या बंगल्याची जांभ्या दगडाची जाड भिंत दिवसभर ऊन पीत राहते आणि ती उष्णता आंत पोहोंचेपर्यंत संध्याकाळ होते. उंच छप्पर आणि रुंद व्हरांडा यांनीं ऊन भिंतीपासून दूरच राहतें. सारांश, राहुटी हें रात्रीचें घर आहे. बंगला दिवसाचेंहि घर आहे.

दुसरी गोष्ट धोक्यांची. मे महिन्यांत सह्याद्रीच्या परिसरांत वळिवाच्या सरी दुपारनंतर अवचित येतात. आधीं धुळीचा वारा, मग विजा, मग गारा. अशा वेळीं राहुटीचें कापड विजेपासून कसलेंहि संरक्षण देत नाहीं, आणि एकाकी झाडाचा आसरा तर त्याहून वाईट. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. म्हणून वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनानें भागले असतां विजेचें अंतर किलोमीटरांत मिळतें. तीस सेकंदांच्या आंत गडगडाट आला, तर राहुटी सोडून पक्क्या इमारतींत किंवा कांचा लावलेल्या मोटारगाडींत जावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. जवळ अशी इमारत नसेल, तर ती जागा राहुटीस योग्य नाहीं असें समजावें.

विंचवाचें भय जुनें आहे, पण त्याविषयींचें ज्ञान नवें आहे. कोंकणांतील लाल विंचवाचा दंश हृदयावर परिणाम करतो व पूर्वीं त्यानें पुष्कळ माणसें, विशेषतः मुलें, दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं १९८० नंतरच्या काळांत प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यूचें प्रमाण पुष्कळच घटलें. परंतु उपचार लवकर मिळाला तरच त्याचा गुण. म्हणून जागा ठरवितांना सृष्टिसौंदर्याबरोबर जवळचा दवाखाना किती दूर आहे हेंहि विचारावें. सकाळीं जोडा झटकून पायांत घालावा. आणि राहुटीचा पडदा रात्रंदिवस बंद ठेवावा.

जलाशयाच्या पाण्याविषयीं एक इशारा अवश्य आहे. धरणाचा कांठ म्हणजे नदीचा घाट नव्हे. पाण्याखालीं पूर्वींच्या शेतांचे बांध, खड्डे आणि गाळ असतात. गुडघाभर पाण्यांतून एकच पाऊल पुढें पडावें आणि तळ नाहींसा व्हावा, असें होतें. पोहणाऱ्यांनींहि तेथें धाडस करूं नये. पिण्याचें पाणी खळखळून उकळल्यावर निदान एक मिनिट तसेंच उकळूं द्यावें. राहुटी कोठेंहि ठोकतां येते असेंहि नाहीं. वनजमिनीवर परवानगीवांचून मुक्काम करतां येत नाहीं. आणि महाबळेश्वर-पांचगणीचा प्रदेश २००१ पासून व माथेरानचा २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून सरकारनें जाहीर केलेला आहे.

तिसरी गोष्ट खर्चाची. येथें एक साधा भेद ध्यानांत घ्यावा : भाडें बंगल्याचें असतें, माणसांचें बहुधा नसतें; व्यावसायिक छावणींत मात्र आकार माणशीं असतो. म्हणून दोन भावांचीं कुटुंबें मिळून दहा माणसें निघालीं, तर बंगला स्वस्त पडूं शकतो; दोघे-तिघे निघाले तर राहुटी. तुलना करतांना सर्व खर्चाची बेरीज करावी आणि तिला माणसें गुणिले रात्री या संख्येनें भागावें. बेरजेंत प्रवास, शिधा, जळण, अनामत रकमेंतून होणारी कपात आणि हमाली हीं सर्व यावींत. माथेरानला हमाली विसरून चालत नाहीं. तेथें खासगी मोटारी दस्तुरी नाक्यापाशींच थांबवाव्या लागतात आणि पुढें सामान हमालाच्या डोक्यावरून, हातगाडीनें किंवा घोड्यावरून न्यावें लागतें. बंगला घेतांना मालकास आधीं एक प्रश्न स्पष्ट विचारावा : मे महिन्यांत पाणी किती वेळ येतें ? डोंगरावर पाऊस कितीहि पडो, उन्हाळ्यांत टाकी तळास जाते.

आतां चौथी गोष्ट, श्रमांची. नमुन्यादाखल एका कुटुंबाची कल्पना करावी. घरांत आजी, पति-पत्नी आणि दोन शाळकरी मुलें आहेत. त्यांनीं महाबळेश्वरीं आठ दिवस बंगला घेतला. स्वयंपाकघर आहे म्हणून डाळ-तांदूळ, मसाल्याचा डबा आणि पोळपाट-लाटणेंहि बरोबर आलें. पहांटे गृहस्थ मुलांना घेऊन सूर्योदय पाहण्यास विल्सन पॉइंटवर गेले. गृहिणीनें आजींना ऊन पाणी दिलें, चहा केला आणि मंडळी परततांच पोहे पुढें ठेवले. दुपारीं जेवण, तिसऱ्या प्रहरीं पुन्हां चहा. संध्याकाळीं मंडळी सूर्यास्त पाहण्यास निघाली, तेव्हां कणीक भिजवावयाची राहिली होती म्हणून ती मागें थांबली. आठव्या दिवशीं सर्व परतलीं, तेव्हां चौघांचे चेहरे टवटवीत होते. तिच्या बाबतींत हवापालट झालाच नव्हता. चूलपालट तेवढा झाला होता. भाडें पुरें दिलें गेलें, सुटी मात्र चौघांनाच मिळाली.

हा दोष बंगल्याचा नव्हे, कामाच्या वांटणीचा आहे. राहुटींत ही वांटणी पुष्कळदां आपोआप बदलते, कारण भिंती नसल्या म्हणजे काम लपत नाहीं. कोण पाणी आणतो आणि कोण बसून राहतो, तें सर्वांस दिसतें. काटकसरीनें माणशीं पंधरा लिटर धरलें, तरी पांच माणसांना रोज पंचाहत्तर लिटर पाणी, म्हणजे पांच भरलेल्या बादल्या, लागतात; त्या एकटीनें आणाव्या असें कोणी म्हणूं धजत नाहीं. मुलगा मेखा ठोकतो, मुलगी तणावे ओढते, गृहस्थ स्टोव्ह पेटवितात. स्टोव्ह एकच असल्यामुळें जेवण एका पातेल्याचें होतें आणि खिचडीवर कोणी कुरकुरत नाहीं. घरीं पाण्याचा तांब्या न उचलणारा मुलगा येथें हौसेनें बादली वाहतो.

परंतु याच कुटुंबांत आजी आहेत, हें विसरतां येत नाहीं. गुडघे दुखत असतां जमिनीवरून उठणें आणि रात्रीं अंधारांत शौचास चालत जाणें त्यांना जड जाईल. त्यांना सोबत करावयाची ती पुन्हां बहुधा त्याच एका गृहिणीनें. म्हणजे मुलांस राहुटीची मौज मिळाली तरी तिची झोप गेली. जेवणासह तयार राहुटी देणाऱ्या छावणींत स्वयंपाक सुटतो हें खरें. पण तेथें शेजार निवडतां येत नाहीं, आणि मध्यरात्रीपर्यंत वाजणाऱ्या ध्वनिवर्धकापुढें कापडाच्या भिंतीचा कांहीं उपयोग नसतो.

राहुटीचें खरें देणें म्हणजे रात्र. शहरांतील मुलांनीं आकाश पुस्तकांतच पाहिलेलें असतें. मे महिन्यांत रात्रीं नवाच्या सुमारास उत्तरेस सप्तर्षि, डोक्यावरच्या बाजूस स्वाती व चित्रा, आणि दक्षिणेस क्षितिजाजवळ त्रिशंकु. थोड्या वेळानें आग्नेयेस लालसर ज्येष्ठेसह वृश्चिक वर येतो. भंडारदऱ्याच्या परिसरांत मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर, झाडेंच्या झाडें काजव्यांनीं लुकलुकतात. हें दिव्यांनीं उजळलेल्या व्हरांड्यांतून दिसत नाहीं. आणि राहुटींतहि कंदील विझविल्यावरच दिसतें.

तेव्हां निर्णय असा करावा. घरांत वृद्ध किंवा अगदीं लहान मुलें असतील, अथवा मुक्काम तीन रात्रींहून अधिक असेल, तर मे महिन्यांत उंचावरचा बंगलाच घ्यावा. सर्व मंडळी धडधाकट असतील आणि मुक्काम दोन रात्रींचा असेल, तर राहुटी घ्यावी. मात्र वळीव सुरू होण्यापूर्वीं. राहुटीची उत्तम वेळ दिवाळीपासून शिमग्यापर्यंतची आहे; नाताळच्या सुटींत ती हौस अधिक सुखानें पुरते. आणि दोन्ही साधावयाचें असेल, तर मालकाच्या परवानगीनें बंगल्याच्या आवारांतच एक लहान राहुटी ठोकावी. आजी खाटेवर निजतील, मुलें तारे पाहतील, आणि वीज चमकली तर दार चार पावलांवर असेल.

यापैकीं कांहींहि ठरो, निघण्यापूर्वीं एक कागद घ्यावा. त्यावर पाणी, चहा, स्वयंपाक, भांडीं, बिछाने आणि बाजार हीं कामें लिहून प्रत्येकापुढें नांव घालावें. रखवालदाराच्या बायकोकडून भाकऱ्या करवून घ्यावयाच्या असतील, तर त्यांचें मोल आधींच ठरवून तेंहि खर्चांत धरावें. एकाच नांवापुढें चार कामें आलीं, तर कागद फाडून पुन्हां लिहावा. सुटी कशी गेली याची परीक्षा परत आल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं होते. त्या दिवशीं घरांतला पहिला चहा करणारी व्यक्ति थकलेली दिसली, तर मुक्काम राहुटींत होता कीं बंगल्यांत, याला फारसा अर्थ उरत नाहीं.