दुसऱ्याच्या गीताची स्वरलिपी

राष्ट्रगीताचे सूर कानी पडले की, आपण जेथे असू तेथे ताठ उभे राहतो. ते गीत रवींद्रनाथ ठाकुरांचे, हे शाळेतली मुलेही सांगतील. परंतु त्याची चाल एका आयरिश बाईंनी पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून घेतली होती, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल.

१९१९ च्या फेब्रुवारी महिन्यात रवींद्रनाथ मदनपल्ले येथे काही दिवस मुक्कामास होते. हे गाव तेव्हा मद्रास इलाख्यात होते, आता ते आंध्र प्रदेशात आहे. तेथील थिऑसॉफिकल कॉलेजचे प्राचार्य होते जेम्स कझिन्स. रवींद्रनाथांनी तेथे विद्यार्थ्यांपुढे ‘जन गण मन’ गायिले. तेव्हा प्राचार्यांच्या पत्नी मार्गारेट कझिन्स यांनी त्याची स्वरलिपी तयार केली. गीत कवीचे आणि कंठ विद्यार्थ्यांचे. बाईंनी केले ते एवढेच, की जे ऐकले ते मन लावून ऐकले, बरोबर लिहून घेतले आणि पुन्हा ज्याचे त्याच्या हाती दिले. वाचकहो, या बाईंचे भारतातील सारे कार्य याच एका प्रसंगात सामावलेले आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मार्गारेटबाईंचा जन्म १८७८ साली आयर्लंडमधील बॉइल या गावी झाला. १९०२ साली त्यांनी संगीताची पदवी मिळविली. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून त्यांनी चळवळ केली आणि त्यापायी तुरुंगवासही सोसला. १९१५ साली पतीसमवेत त्या भारतात आल्या. त्यांची मायभूमीही त्या वेळी इंग्रजांच्याच अमलाखाली होती. तेव्हा पारतंत्र्य म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगावे लागले नाही. पुढल्याच वर्षी महर्षी कर्वे यांनी पुण्यास महिला विद्यापीठ स्थापिले, त्याच्या त्या पहिल्या अभारतीय सदस्या झाल्या. मंगळूर येथे मुलींसाठी राष्ट्रीय शाळा निघाली, तिच्या पहिल्या मुख्याध्यापिकाही त्याच होत.

परदेशाहून आलेल्या शिक्षकापुढे एक मोह नेहमीच उभा असतो. आपल्याला चार गोष्टी अधिक कळतात, तेव्हा इतरांना काय हवे तेही आपणच ठरवावे, असे त्याला वाटू लागते. हेतू शुद्ध असला, तरी अशा वेळी पाहुणा घरमालक होऊन बसतो. बाईंनी हा मोह कसा टाळला, ते पाहण्यासारखे आहे.

१९१७ साली अड्यार येथे ॲनी बेझंट, डोरोथी जिनराजदास आदींच्या सोबत त्यांनी ‘विमेन्स इंडियन असोसिएशन’ ही संस्था उभारली. त्याच वर्षी भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला आले असता स्त्रियांचे शिष्टमंडळ त्यांना भेटले. मूळ विचार शिक्षणाची मागणी करण्याचा होता; पण राजकीय मागण्यांखेरीज अन्य काही ऐकून घेतले जाणार नाही, असे समजले. तेव्हा बाईंनी अर्जात मताधिकाराची मागणी घातली. मसुदा त्यांच्या लेखणीचा होता. शिष्टमंडळाचे नेतृत्व मात्र सरोजिनी नायडूंकडे होते. १९२१ साली मद्रास व मुंबई या इलाख्यांत स्त्रियांवरील मतदानाची बंदी उठली.

१९२६ साली बंगालच्या एका शिक्षणाधिकाऱ्याने जाहीरपणे म्हटले की, आपणांस कोणते शिक्षण हवे, ते स्त्रियांनीच एकमुखाने सांगावे. बाईंनी ते शब्द उचलले. उत्तर स्वतः लिहून पाठविणे त्यांना अवघड नव्हते. परंतु त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना पत्रे धाडली, की प्रथम आपापल्या ठिकाणी परिषदा भरवा, तेथे बोला आणि मग एकत्र या. ठिकठिकाणी सभा झाल्या आणि ५ जानेवारी १९२७ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड होत्या. मुलामुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे, असे परिषदेने मागितले. बालविवाहामुळे मुलींचे शिक्षण खुंटते, हेही तिने स्पष्टपणे सांगितले. १९२९ साली शारदा कायदा झाला; १९३२ साली परिषदेच्याच प्रयत्नांतून दिल्लीस लेडी आयर्विन कॉलेज सुरू झाले.

१९३२ मध्येच सरकारच्या दडपशाहीच्या वटहुकुमांविरुद्ध बोलल्याबद्दल बाईंना एक वर्षाची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी वेल्लोरच्या तुरुंगात झाली. परंतु याहूनही कठीण परीक्षा पुढे होती. भारतीय भगिनी स्वतः पुढारपण करू लागल्या, तसतशी आपली प्रत्यक्ष गरज उरली नाही, हे त्यांनी ओळखले. लढ्यात उतरण्याची ओढ मनात असूनही त्या बाजूला झाल्या. स्वतः लावलेल्या झाडाच्या सावलीत मधली जागा दुसऱ्यांस देणे तुरुंगवासापेक्षा सोपे असते, असे कोण म्हणेल?

पुढे पक्षाघाताने त्यांचे शरीर विकल झाले. तरीही स्वातंत्र्याचा दिवस त्यांनी पाहिला. २४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले गेले, तेही त्यांच्या हयातीत. १९५४ साली त्यांचा अंत झाला.

आपणांपैकी कितीतरी कुटुंबे नोकरीच्या वा व्यवसायाच्या निमित्ताने दुसऱ्या राज्यांत जाऊन राहिली आहेत. तेथली भाषा परकी, सणवार निराळे. शेजारच्या महिला मंडळात बोलावणे येते, तेव्हा आपल्या गावची रीत किती चांगली, हे सांगण्याची उबळ येणे साहजिक आहे. अशा वेळी मदनपल्लेची ती सभा आठवावी. आधी त्यांचे गाणे नीट ऐकावे, ते बरोबर उतरवून घेता येते का ते पाहावे. आपले गाणे ऐकविण्याची वेळ त्यानंतर आपोआप येईल, कारण तोवर यजमानच म्हणतील, “आता तुमच्याकडचे एखादे होऊ द्या.”