फवारणीचा मास्क तोंडावर टिकावा कसा?



मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी महाड तालुक्यात सावित्रीकाठच्या एका प्लॉटवर आम्ही गेलो होतो. तणनाशकाची फवारणी चालू होती. मास्क आम्हीच आठवड्यापूर्वी वाटलेले. पाहतो तो दोन्ही गड्यांचे मास्क गळ्यात! विचारले, तर एक म्हणाला, "साहेब, जीव गुदमरतो. भिजला की श्वासच घेववत नाही." रागवायला तोंड उघडले होते, पण त्याचे खरेच होते. मास्क वाटले की काम झाले असे आम्ही धरून चाललो होतो. चूक आमची.

आपल्याकडे ऊस घाटावरच्यासारखा सलग नाही, तुकड्यातुकड्यांनी आहे. भोवती डोंगर, वारा पडलेला, हवा दमट. घाम वाळतच नाही. म्हणून फवारणी सकाळी साडेआठच्या आत आटोपावी. दोन मास्क जवळ ठेवावेत आणि पहिला ओला झाला की बदलावा. ओल्या मास्कमधून हवा ओढायला जोर लागतो, मग माणूस तो खाली ओढतोच.

आता कोणता मास्क? पंचा किंवा रुमाल बांधून जाडी धूळ अडेल, औषध नाही. उलट औषध मुरलेले ओले फडके नाकातोंडाशी तासभर राहते, ते जास्त वाईट. एन-९५ मास्क बारीक कण व तुषार अडवतो, वाफ अडवत नाही. उग्र वासाच्या औषधाला कोळशाची डबी असलेलाच मास्क लागतो. झडपेचा मास्क उकाड्यात बरा, कारण उच्छ्वास बाहेर जातो. (2020 च्या जुलैत केंद्रीय आरोग्य खात्याने झडपेचे मास्क नकोत म्हटले होते, ते कोरोनासाठी. झडपेतून रोग्याचा श्वास गाळल्याशिवाय बाहेर पडतो म्हणून. फवारणीची गोष्ट वेगळी.)

कान दुखत असतील तर दोन्ही पट्ट्या डोक्यामागे दोरीने जोडाव्यात. चष्म्यावर वाफ धरते, म्हणजे वरून हवा निसटते आहे. नाकावरची पट्टी दाबून बसवावी. दाढीच्या खुंटावर मास्क नीट बसत नाही. चेहरा चरचरतो म्हणून खोबरेल लावून मास्क घालू नये. कडा सरकतात, आणि एन-९५ मधला 'एन' म्हणजेच तेलाला न टिकणारा. तो धुऊही नये.

अर्ध्या तासाने वाऱ्याच्या वरच्या अंगाला यावे, आधी साबणाने हात धुवावेत, मगच मास्क काढावा. तंबाखू-विडी हात धुण्याआधी तर नकोच.

यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. त्या साली कपाशी उंच वाढलेली होती, औषध अंगावर, तोंडावर येत होते. ऊस तर डोक्याच्याही वर जातो! तेव्हा पुरुषभर उसात शिरून पाठीवरच्या पंपाने फवारू नये. मास्क कितीही चांगला असो, अंगावर भिजलेल्या सदऱ्यातून विष आत जाते. सर्वांत धोक्याची वेळ औषध पाण्यात मिसळण्याची, कारण ते तेव्हा कडक असते. नेमका त्याच वेळी मास्क खिशात असतो.

मळमळ, डोके गरगरणे, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे असे काही झाले तर काम तिथेच थांबवून कपडे बदलावेत, अंग धुवावे व औषधाचा डबा लेबलासकट घेऊन सरकारी दवाखाना गाठावा. लेबल पाहिल्याशिवाय डॉक्टरलाही उपचार ठरवायला अडचण पडते.

आपल्या घरचा मास्क कोणत्या कामाचा हे कळत नसल्यास तो शेतकी गट कार्यालयात घेऊन यावा. आम्ही पाहून सांगू.

— ऊस विकास अधिकारी