ओरखड्यांचा चेंडू आणि लाल पट्टा

बक्षीस काय होतं, माहितीये? कमरेचा पट्टा! लाल मोरोक्को चामड्याचा, चांगला रुंद, त्यावर चांदीचं नक्षीदार बक्कल. आपल्याकडे कुस्तीत जिंकणाऱ्याच्या खांद्यावर गदा चढते, तसा तिकडे कमरेला पट्टा. पण गदा निदान घरी नेऊन भिंतीला टेकवता तरी येते. हा पट्टा वर्षभर जिवापाड सांभाळायचा आणि पुढच्या वर्षी गुपचूप परत आणून द्यायचा. सोबत रोख रक्कम? एक पैसासुद्धा नाही. फक्त एकच गंमत नियमात घालून ठेवली होती: जो कोणी लागोपाठ तीन वर्षं जिंकेल, त्याचा पट्टा कायमचा त्याचा.

या पट्ट्यासाठी १७ ऑक्टोबर १८६० रोजी, बुधवारी, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविक नावाच्या गावी आठ माणसं जमली. जगातली सगळ्यात जुनी, आजही चालू असलेली मोठी गोल्फ स्पर्धा त्या दिवशी सुरू झाली. हल्ली तिला ‘द ओपन’ म्हणतात आणि ती बघायला लाखांनी माणसं लोटतात. तेव्हा मात्र आठच खेळाडू. सगळे व्यावसायिक, म्हणजे गोल्फवर पोट भरणारे. पण त्या काळी गोल्फवर पोट भरणं म्हणजे श्रीमंत होणं नव्हे हं! साहेबलोकांच्या काठ्या वाहायच्या, त्यांना खेळ शिकवायचा, काठ्या आणि चेंडू बनवायचे, मैदानाचं गवत राखायचं. हे लोक गडबड करतील अशी क्लबच्या सभासदांना धास्ती होती, म्हणून प्रत्येक जोडीबरोबर फटके मोजायला एकेक सभासद चालत होता.

गोल्फचं गणित क्रिकेटच्या उलटं. इथे जितके फटके कमी, तितके तुम्ही भारी. चेंडू ठरलेल्या खळग्यात, म्हणजे होलमध्ये, कमीत कमी फटक्यांत घालायचा आणि पुढच्या होलकडे निघायचं. आज गोल्फचं मैदान १८ होलचं असतं, पण प्रेस्टविकला तेव्हा १२च होते. पहिला होल तर ५७८ यार्डांवर, म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्याही पलीकडे! सगळं मैदान मिळून साधारण साडेतीन किलोमीटर भरे. समुद्राकाठची वाळूची टेकाडं, त्यात वाऱ्याचा मारा. एकाच दिवसात तीन फेऱ्या मारायच्या, म्हणजे ३६ होल.

स्पर्धा भरवायची कल्पना निघाली तीही एका माणसाच्या जाण्यामुळे. अ‍ॅलन रॉबर्टसन हा सेंट अँड्र्यूज गावचा खेळाडू सगळ्यात थोर, हे सगळे मानायचे. तो १८५९ साली वारला. मग आता पहिला नंबर कोणाचा? खेळूनच ठरवा!

पण हा अ‍ॅलन आणखी एका गोष्टीत पहिल्या नंबरचा होता: चेंडू बनवण्यात. ते चेंडू कसले होते माहितीये? पिसांचे. चामड्याची छोटी पिशवी शिवायची आणि तिच्यात उंच हॅट भरून उकडलेली हंसाची पिसं कोंबायची. हो, हॅट भरून पिसं, लिंबाएवढ्या चेंडूत! ओली पिसं सुकताना फुगतात आणि ओलं चामडं सुकताना आवळतं. आतून फुगणं, बाहेरून आवळणं, या दोघांच्या भांडणात चेंडू असा काही टणक होई की बघत राहावं. मला विचाराल तर हे त्या काळचं सगळ्यात हुशार तंत्रज्ञान. फक्त एक कारागीर दिवसाकाठी तीन-चार चेंडूच करू शके, त्यामुळे किंमत भारी. आणि पाऊस पडला की चेंडू भिजून मऊ पडे, शिवण उसवे. स्कॉटलंडमध्ये पाऊस कधी पडत नाही, ते सांगा!

मग १८४८च्या सुमारास एक नवा चेंडू आला, गटापर्चाचा. मलाय द्वीपकल्पातल्या एका झाडाचा चीक वाळवला की गटापर्चा मिळतो. गरम पाण्यात टाका, मऊ होतो. हवा तो आकार द्या. गार झाला की घट्ट. चेंडू फुटला? पुन्हा गरम करा आणि पुन्हा वळा. याबद्दल एक गोष्ट सांगतात. पॅटरसन नावाच्या स्कॉटिश माणसाकडे आपल्याकडून विष्णूची एक मूर्ती गेली होती म्हणे. वाटेत ती फुटू नये म्हणून भोवती गटापर्चाचे तुकडे भरले होते, आणि त्यांतूनच त्यानं चेंडू वळून पाहिला. खरीखोटी कोण जाणे, पण गोष्ट झकास आहे. गटापर्चा मुंबईपर्यंत आला हे मात्र शंभर टक्के खरं. १८७० साली समुद्राच्या तळातून मुंबईला तारायंत्राची केबल पोचली, तिच्या तांब्याच्या तारेवर खाऱ्या पाण्यापासून वाचवणारं आवरण याच गटापर्चाचं होतं.

नव्या चेंडूनं अ‍ॅलनच्या धंद्यावर धाड आली. त्याच्या हाताखाली टॉम मॉरिस नावाचा कारागीर होता. एकदा खेळताना टॉमचे चेंडू संपले, त्यानं सोबत्याकडून एक गटापर्चाचा घेतला, आणि नेमका समोरून अ‍ॅलन आला. झालं! दोघांचं असं वाजलं की टॉमनं नोकरी सोडली. १८५१ मध्ये तो प्रेस्टविकला मैदानाचा राखणदार म्हणून आला, आणि ते १२ होल कुठे कसे असावेत हे त्यानंच आखलं. म्हणजे १८६०च्या त्या बुधवारी टॉम स्वतःच आखलेल्या मैदानावर खेळत होता. जिंकणार कोण, यावर लोकांना फारसा विचार करावा लागला नसणार.

आता निकाल बघा, आणि कागद-पेन्सिल घ्या. मसलबरा गावचा २७ वर्षांचा विली पार्क: ५५, ५९, ६०. टॉम मॉरिस, वय ३९: ५८, ५९, ५९. पहिल्या फेरीनंतर विली तीन फटक्यांनी पुढे. दुसरीत दोघं सारखे. तिसरीत टॉमनं एक फटका भरून काढला, आणि दिवस संपला. विली १७४, टॉम १७६. तिसरा अँड्र्यू स्ट्रॅथ, १८०. पट्टा विलीच्या कमरेला! विली लांब आणि बेधडक मारायचा आणि होलजवळचे छोटे फटकेही अचूक घालायचा. टॉमची बिचाऱ्याची त्यातच गोची होई. कोणीतरी गमतीनं ‘छोटे फटके हुकवणारा, प्रेस्टविक’ एवढाच पत्ता घालून पत्र धाडलं, आणि पोस्टमननं ते बरोबर टॉमच्या हातात दिलं, अशी एक हकीकत आहे.

आता मला ज्या गोष्टीचं सगळ्यात नवल वाटतं, तिच्याकडे येऊ. सुरुवातीचे गटापर्चाचे चेंडू अगदी गुळगुळीत होते, आणि नवाकोरा चेंडू हवेत गेला की थोड्याच अंतरावर दगडासारखा खाली यायचा. पण काठीचे मार खाऊन ओरखडे पडलेला जुना चेंडू? तो मस्त लांब जायचा! खेळाडूंना कारण कळेना, पण उपाय कळला. ते नवा चेंडू घेऊन हातोडीनं आधीच त्याच्यावर खाचा पाडू लागले.

कारण दडलंय हवेत. चेंडू वेगानं जात असतो तेव्हा हवेचा एक पातळ थर त्याच्या अंगाला लागून वाहतो. गुळगुळीत चेंडूवर हा थर शांतपणे सरकतो, पण त्याचा जोर लवकर संपतो. चेंडूच्या फुगीर भागापाशी पोचतो न पोचतो तोच तो सुटतो. मग चेंडूमागे भोवऱ्यांनी भरलेल्या हवेचा रुंद पट्टा तयार होतो. तिथे दाब कमी, पुढच्या बाजूला जास्त. म्हणून चेंडू मागे ओढला जातो. खाचा असल्या की हाच थर ढवळून निघतो. बाहेरची वेगवान हवा त्यात मिसळते, थराला नवा जोर मिळतो आणि तो चेंडूच्या बऱ्याच मागपर्यंत चिकटून राहतो. मागचा भोवऱ्यांचा पट्टा अरुंद होतो आणि ओढ जवळपास निम्म्यावर येते. खरखरीतपणामुळे थोडं घर्षण वाढतं, नाही असं नाही. पण या फायद्यापुढे ते किरकोळ. क्रिकेटमध्ये जुना चेंडू एका बाजूनं चकचकीत आणि दुसऱ्या बाजूनं खरबरीत ठेवतात ना? तिथेही हाच थर एका बाजूला आधी सुटतो आणि दुसऱ्या बाजूला नंतर, म्हणून चेंडू वळतो.

हातोडीच्या खाचांचेच पुढे व्यवस्थित खळगे झाले. आजच्या गोल्फच्या चेंडूवर साधारण ३०० ते ५०० असतात. जवळ असेल तर मोजून बघा, डोकं गरगरेल! १९७१ साली अ‍ॅलन शेपर्ड या अंतराळवीरानं चंद्रावर दोन चेंडू मारले, तिथे मात्र हे खळगे निव्वळ नक्षी होते. हवाच नाही, तर ढवळणार काय?

खळगे आणखी एक काम करतात. काठीचं पातं तिरकं असल्यानं चेंडू उलट्या दिशेनं गरगरत निघतो, आणि खळग्यांच्या मदतीनं ही गिरकी त्याला वर उचलून धरते. हे शोधायला एडिंबरा विद्यापीठाच्या पीटर टेट या प्राध्यापकांनी फार मजेशीर युक्ती केली. त्यांना गोल्फचं वेडच होतं, आणि त्यांचा मुलगा फ्रेडी तर पुढे हौशी खेळाडूंची मोठी स्पर्धा दोनदा जिंकला. चेंडू हवेत इतका वेळ राहतो कसा, नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबात हे बसेना. मग टेटनी चेंडूला एक लांब फीत बांधली, जवळच्या ओल्या चिकणमातीत फटका मारायला लावला आणि फितीला किती पीळ पडले ते मोजले. जितके पीळ, तितक्या गिरक्या!

आता पुन्हा पट्ट्याकडे. १८६१ पासून हौशी खेळाडूंनाही स्पर्धेत प्रवेश मिळाला. त्या वर्षी टॉम जिंकला, पुढच्या वर्षीही. १८६२ मध्ये तर चक्क १३ फटक्यांनी. विली आणि टॉम दोघंही पुढे एकूण चार-चार वेळा जिंकले. पण पट्टा कायमचा घरी नेला तो टॉमच्या मुलानं. त्याचंही नाव टॉमच. १८६८ साली तो पहिल्यांदा जिंकला तेव्हा फक्त १७ वर्षांचा होता. मग १८६९, मग १८७०. झाले तीन! १८७० मध्ये त्यानं ३६ होल १४९ फटक्यांत उरकले. विलीनं दहा वर्षांपूर्वी त्याच मैदानावर १७४ मारले होते, आठवतंय ना? तब्बल २५ फटके कमी! आणि ५७८ यार्डांचा तो पहिला होल त्यानं अवघ्या तीन फटक्यांत घातला. दहा वर्षांत चेंडू सुधारले असतील, गवतही नीट राखलं जात असेल. पण माझ्या मते यातला मोठा वाटा त्या पोराच्या हातांचा.

नियमाप्रमाणे पट्टा त्याला देऊन टाकावा लागला. आणि मग आयोजकांच्या लक्षात आलं, आता द्यायला काहीच नाही! १८७१ मध्ये स्पर्धाच झाली नाही. १८७२ साली तीन क्लबांनी मिळून चांदीचा एक चंबू बनवायला टाकला. आजही विजेत्याला याचीच प्रतिकृती मिळते. जिंकला पुन्हा छोटा टॉमच. पण चंबू अजून तयार झाला नव्हता, म्हणून त्याला एक पदक देऊन भागवलं. वर्षभरानं चंबू आला, तेव्हा त्याच्यावर पहिलं नाव त्याचंच कोरलं होतं.