पार्किन जनुक
मानवाच्या सहाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील एक जनुक. याच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास तरुण वयातच कंपवात (पार्किन्सन रोग) जडतो. अर्बुदाच्या (कोशिकांच्या अनियंत्रित वाढीने होणाऱ्या गाठीच्या) निर्मितीस आळा घालण्याशीही त्याचा संबंध असल्याचे पुढे आढळून आले. एकाच जनुकाच्या अभावी मेंदूतील कोशिका मरतात व अन्यत्र त्या बेसुमार वाढतात, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते.

१९९८ मध्ये तोरू कितादा, योशिकुनी मिझुनो, नोबुयोशी शिमिझू इ. जपानी शास्त्रज्ञांनी आनुवंशिक कंपवात असलेल्या कुटुंबांच्या अभ्यासातून हे जनुक शोधून काढले. त्याची लांबी सु. १३·८ लाख क्षारक-जोड्या असली, तरी त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात केवळ ४६५ ॲमिनो अम्ले असतात. हे प्रथिन म्हणजे एक एंझाइम असून ते टाकाऊ प्रथिनांना यूबिक्विटीन नावाचे छोटे प्रथिन जोडते, हे २००० साली दिसून आले. ही जोडणी म्हणजे जणू मोडीत काढावयाच्या मालावर मारलेली खूणच होय.

कोशिकेला ऊर्जा पुरविणारे कलकणू (मायटोकाँड्रिया) बिघडले की, पिंक-१ हे दुसरे प्रथिन त्यांच्या पृष्ठभागावर साचते व पार्किनला कार्यान्वित करते. मग खूण झालेल्या कलकणूंची कोशिका विल्हेवाट लावते. मेंदूच्या कृष्णद्रव्यातील डोपामीन निर्माण करणाऱ्या तंत्रिका कोशिकांना ऊर्जा फार लागते. शिवाय त्या विभाजित होत नसल्याने सदोष घटक त्यांच्यात साचत जातात. त्यांचा नाश झाल्यावर कंप, ताठरपणा व हालचालींतील मंदपणा ही लक्षणे उद्‌भवतात.

विभाजनक्षम कोशिकांची गोष्ट निराळी आहे. तेथे विभाजनास चालना देणाऱ्या सायक्लिन-ई या प्रथिनाचा निचरा होण्यास पार्किन साहाय्य करते. ते नसल्यास हा लगाम सैल पडतो. स्तन व अंडकोश यांच्या अर्बुदांत या जनुकाचा ऱ्हास झाल्याचे २००३ मध्ये, तर ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या मारक अर्बुदात त्याची उत्परिवर्तने असल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पार्किनरहित उंदरांच्या यकृतात अर्बुदे होतात, हा पुरावा अधिक बोलका आहे. मात्र हे जनुक गुणसूत्राच्या सहज तुटणाऱ्या भागात असल्याने अर्बुदातील त्याचा प्रत्येक ऱ्हास रोगाचे कारणच असेल, असे मानणे घाईचे ठरेल. एकूण कंपवाताच्या रुग्णांत बहुतेक कर्करोगांचे प्रमाण, त्वचेच्या मेलॅनोमाचा अपवाद सोडल्यास, इतरांपेक्षा कमीच आढळते.

पार्किनच्या दोषामुळे होणारा कंपवात सावकाश वाढतो आणि लेव्होडोपा या औषधाला दीर्घकाळ चांगला प्रतिसाद देतो.