पिल्लू आणण्याआधी, जात विचारण्याआधी



गेल्या महिन्यात मुलुंडच्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी कर्जाचा अर्ज ठेवला. कारण लिहिलं होतं, कुत्र्याचं पिल्लू. सगळ्या हसल्या, ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला दमा आहे आणि त्याला पिल्लू हवंय. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "पूडल घ्या, केस गळत नाहीत, अ‍ॅलर्जी होणारच नाही." किंमतही तशीच चढी.

खरं म्हणजे अ‍ॅलर्जी केसांची नसते. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि लघवीत जी प्रथिनं असतात, त्यांची असते. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते आणि तिचे बारीक कण हवेत, गादीत, पडद्यांत जातात. केस कमी गळले तर झाडण्याचं काम वाचतं, प्रथिनं थांबत नाहीत. 2012 साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी पूडलसारख्या 'कमी अ‍ॅलर्जीच्या' जातींचे केस तपासले, तेव्हा मुख्य प्रथिन त्यांत इतर कुत्र्यांपेक्षा जास्तच निघालं.

लॅब्राडूडल ही जातही याच आशेतून आली. हवाईतल्या एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता, पण नवऱ्याला अ‍ॅलर्जी. 1989 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी लॅब्रेडॉर आणि पूडलचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांची लाळ आणि केस नवऱ्याकडे पाठवले, तर त्याला त्यातलं एकच पिल्लू सोसलं. एका आईची पिल्लं, तरी असं! म्हणून जात बघू नका, तो एक कुत्रा आणि आपलं माणूस यांचं जमतं का ते बघा.

आधी डॉक्टरांकडून त्वचेची तपासणी करून घ्या. आपल्या दमट हवेत शिंका पुष्कळदा गादीतल्या धुळीच्या किड्यांमुळे किंवा भिंतीवरच्या बुरशीमुळे येतात, आणि दोष कुत्र्यावर जातो. एक प्रथिन तर फक्त नरांत असतं. अ‍ॅलर्जी तेवढ्याचीच असेल, तर मादी चालू शकते. डॉक्टरांनी हो म्हटलं, तर ज्या घरी ते पिल्लू आहे तिथे मुलाला चार-पाच वेळा तास-दोन तास बसवा. दमा असेल तर औषध जवळ हवंच.

पिल्लू घरी आलं की मुलाच्या अंथरुणावर त्याला जागा नाही. झाडूनं धूळ उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. त्याला हात लावला की हात धुवा. आंघोळीनं प्रथिन कमी होतं, पण दोन-तीन दिवसांत पुन्हा वाढतं. पूडलचे केस तर दर महिना-दीड महिन्यानं कापून घ्यावे लागतात, तो खर्चही धरा. आणि घर एकाच खोलीचं असेल, मुलाचा दमा जोराचा असेल, तर 'नको' म्हणणं हीच माया.

ताईंचा अर्ज आम्ही फेटाळलेला नाही, तपासणीपर्यंत बाजूला ठेवलाय. तपासणी चांगली आली, तर कर्जाचीही गरज नाही, दत्तक घेतलेलं देशी पिल्लूही तितकंच चालेल. कारण हौसेनं आणलेलं पिल्लू चार महिन्यांनी रस्त्यावर सोडायची वेळ आली, तर ते पिल्लूही रडतं आणि आपलं लेकरूही.