वेदना, अफू आणि कायदा

मध्य प्रदेशातील नीमच-मंदसोर, राजस्थानातील चितोडगढ-प्रतापगढ आणि उत्तर प्रदेशातील बाराबंकी या टापूंत सरकारी परवान्याने अफूचे पीक घेतात. बोंडांना चिरा देऊन निघालेला चीक सरकारच विकत घेते, आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत त्याची पुढील व्यवस्था होते. मॉर्फीन हे वेदनाशामक या अफूतलेच. परदेशांनाही आपण ही अफू पुष्कळ वर्षे पुरविली. असे असता कर्करोगाने ज्याचे हाड पोखरले आहे अशा आपल्याच खेड्यातील रोग्याने रात्र रात्र कण्हत काढावी, ही विसंगती आली कोठून? ती वैद्यकातून आलेली नाही, कायद्यातून आली आहे.

१९८५ साली संसदेने अमली औषधांसंबंधीचा कडक कायदा केला. त्याच्या आठव्या कलमाने अशा पदार्थांचा व्यवहार निषिद्ध ठरविला. परंतु वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगाला त्याच कलमाने मोकळीक ठेवली. म्हणजे डॉक्टरने मॉर्फीन लिहून देणे हा गुन्हा कधीच नव्हता. अडचण होती ती निराळीच. नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे, त्यामुळे प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. बाळगण्याचा परवाना एक, वाहतुकीचा दुसरा, आयातीचा तिसरा. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे. शिवाय पुष्कळशा गुन्ह्यांना किमान शिक्षा दहा वर्षे सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड. मालाच्या प्रमाणानुसार शिक्षेची प्रतवारी झाली ती २००१ च्या दुरुस्तीने. आरोपीच्या मनात गुन्ह्याचा हेतू होता असे न्यायालयाने गृहीत धरावे, आणि तसा नव्हता हे आरोपीने सिद्ध करावे, असेही एक कलम या कायद्यात आहे. अफूचा चोरटा व्यापार करणाऱ्यापुढे हे कलम शोभून दिसते; रात्रपाळीच्या डॉक्टरला मात्र ते झोप येऊ देत नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. औषधविक्रेत्यांनी माल ठेवणे सोडले, इस्पितळांनी मागणे सोडले. १९८५ साली देशात सुमारे ७१६ किलो मॉर्फीन वापरले गेले होते; १९९७ साली तो आकडा १८ किलोवर आला. रोगी कमी झाले होते असे कोणी म्हणणार नाही.

तिरुवनंतपुरमचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या काही डॉक्टरांनी हा प्रश्न नेटाने लावून धरला, आणि २०१४ साली कायदा दुरुस्त झाला. 'आवश्यक अमली औषधे' असा नवा वर्ग निर्माण झाला. त्यात मॉर्फीन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे आली, आणि त्यांच्यासंबंधीचे नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे गेला. २०१५ च्या नियमांप्रमाणे अनेक परवान्यांची जरूर उरली नाही. इस्पितळाने राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता घ्यावी, की झाले. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. अट अशी की, वेदनाशमनाचे शिक्षण घेतलेला नोंदणीकृत डॉक्टर तेथे असला पाहिजे. वर्षाला किती औषध लागेल याचा अंदाज आगाऊ कळवावा लागतो, आणि आले किती, दिले किती, शिल्लक किती याची रोजची नोंद ठेवावी लागते. चिठ्ठीवर रोग्याचे नाव, पत्ता, औषधाचे प्रमाण, तारीख आणि सही हवी. अशा चिठ्ठीवर स्वतःसाठी मिळालेल्या गोळ्या रोग्याने घरी बाळगणे हा गुन्हा नव्हे. चिठ्ठी मात्र गोळ्यांबरोबरच ठेवावी.

येथे एक शंका नेहमी विचारली जाते. ही सवलत कर्करोगापुरतीच आहे काय? नाही, कायद्याने रोगाचे नाव घेतलेले नाही. पण कायदा आड येत नाही म्हणून औषध योग्यच ठरते असे नव्हे. वर्षानुवर्षे दुखणारी कंबर किंवा गुडघा यांवर व्यायाम, साधी औषधे, झोप सुधारणे हे उपाय आधी करावयाचे असतात. अमेरिकेत १९९६ नंतर ऑक्सिकोडोनच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या गोळ्यांचा कारखानदारांनी धडाक्याने प्रसार केला, डॉक्टरांनी त्या साध्या दुखण्यालाही लिहून दिल्या, आणि पुढे व्यसनाने व अतिसेवनाने माणसे मेली. मग तेथे उलट लाट आली. अनेक जुन्या रोग्यांची औषधे एकाएकी तोडली गेली आणि त्यांचे हाल झाले. २०२२ च्या नव्या मार्गदर्शनात अशी अचानक तोड करू नये असे तेथील सरकारी रोगनियंत्रण केंद्राला सांगावे लागले. त्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, आपण अधिकाराबाहेर औषध देत आहोत हे डॉक्टरला माहीत होते असे सरकारने सिद्ध केले पाहिजे. आमच्या कायद्यातील गृहीताशी हे ताडून पाहण्याजोगे आहे.

व्यसनाची भीती घरच्या मंडळींनाही असते, आणि तिची फोड करून सांगणे डॉक्टरचेच काम. दीर्घ वापराने शरीर औषधाला सरावते. ते एकदम बंद केल्यास त्रास होतो, म्हणून हळूहळू कमी करतात. हा सराव म्हणजे व्यसन नव्हे. व्यसनी माणूस नुकसान दिसत असूनही औषधामागे धावतो. वेदना थांबलेला रोगी बहुधा उठून बसतो, जेवण मागतो, नातवंडांची चौकशी करतो. बद्धकोष्ठ मात्र बहुतेकांना होतो. त्यावरचे औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्यावे. आणि रोगी गेल्यावर घरात उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याच्या पाठदुखीसाठी देऊ नयेत. त्यांचे काय करावयाचे ते ज्या इस्पितळाने दिल्या तेथेच विचारावे.