भिंतीवरची गुरे

दिवाळीपूर्वी घराला रंग देऊन झाला, की मोकळ्या भिंतीवर काय लावायचे यावरून घराघरांत बैठका भरतात. पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे. वाण्याने दिलेले कॅलेंडर आणि आजोबांची तसबीर एवढ्यावर काम भागे. आता दिवाणखाना आला, सोफा आला, आणि सोफ्याच्या वर चार फूट लांबीचे काहीतरी हवेच असा दंडक आला. ते काहीतरी म्हणजे हल्ली पुष्कळ ठिकाणी गुरांचे चित्र असते.

आमचे शेलूबाजार हे वाशीम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यातले गाव. नावातच बाजार असल्यामुळे नवी वस्तू यायला येथे वेळ लागत नाही. त्यातून समृद्धी महामार्गावरून उतरण्याची वाट आमच्या गावी ठेवलेली. त्या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. रस्त्यात ज्यांची वावरे गेली त्यांच्या हाती मोबदला आला, आणि काहींनी त्यातून स्लॅबची टुमदार घरे बांधली. अशा घरात शिरावे तो समोर मावळता सूर्य आणि त्याच्याकडे चाललेली बैलबंडी! मौज अशी की ज्या रस्त्याच्या पैशातून ही भिंत उभी राहिली, त्या रस्त्यावर बैलबंडीला पाऊल टाकायची परवानगी नाही.

बंडीखेरीज आणखी तीन चित्रे घरोघर आढळतात. एक, धावणारे सात पांढरे घोडे. हे शोभेसाठी नसून भरभराटीसाठी असतात. कोणत्या दिशेला लावावेत हे सांगणारे शास्त्रीही भेटतात. दुसरे, हिरव्यागार कुरणात चरणाऱ्या काळ्यापांढऱ्या विलायती गाई. मागे बर्फाचा डोंगर. एप्रिलात पारा त्रेचाळिसावर गेला, की त्या डोंगराकडे पाहून जीव जरा थंडावतो हे खरे. तिसरे सर्वांत नवे: कमळांच्या तळ्याकाठी उभ्या असलेल्या, मोठ्या डोळ्यांच्या, अंगावर हाताचे छाप उठवलेल्या शुभ्र गाई. या राजस्थानातल्या पिछवाईतून आल्या. नाथद्वाऱ्याला श्रीनाथजीच्या मूर्तीमागे जो चित्रित पडदा सोडतात ती पिछवाई. कार्तिक शुद्ध अष्टमीला, म्हणजे गोपाष्टमीला, तिच्यावर गाईच गाई असतात. देवामागचा तो पडदा आता उशीच्या अभ्र्यावर आणि चहाच्या ट्रेवर उतरला आहे.

जनावर भिंतीवर असणे ही काही नवी फॅशन नव्हे. मराठी घरात माणसाच्या आधी जनावरानेच भिंतीवर जागा पटकावली असेल. श्रावणात जिवतीचा कागद लावतात तो आठवून पाहा. खांबातून निघालेला नरसिंह, कालियाच्या फण्यावरचा कृष्ण, मुले खेळवणाऱ्या जिवत्या, आणि खाली हत्तीवर बुध व वाघावर बृहस्पती. एका कागदात केवढा प्राणिसंग्रह! दत्ताच्या तसबिरीत गाय आणि चार कुत्री ही आलीच. आमच्या एका अंगाला नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान कारंजा आणि दुसऱ्या अंगाला माहूर, त्यामुळे या भागातल्या जुन्या घरात दत्त नाही असे क्वचितच. खंडोबाबरोबर घोडा येतो. शेगावच्या गजानन महाराजांच्या तर गोष्टीतच द्वाड घोडा आणि मारकी गाय शांत झालेली आहे. पोहरादेवी आमच्याच जिल्ह्यात. बंजारा तांड्यांवर सेवालाल महाराज आणि त्यांचा घोडा तोळाराम यांना वेगळे करून कोणी पाहत नाही. लाखो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरलेला हा समाज.

या तसबिरी घराघरांत पोचल्या त्या छापखान्यांमुळे. पुण्याचा चित्रशाळा छापखाना 1878 सालचा. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायकर या जर्मन तंत्रज्ञाच्या ताब्यात आला. ज्या घरात हाती काढलेले चित्र यायची सोय नव्हती, तेथे लक्ष्मी-सरस्वती आल्या, आणि अंगभर चौऱ्यांशी देवता वागवणारी गायही आली. या गाईने एकेकाळी मोठे राजकारण केले. पण ती पूजेची गाय. चारा खाणारी, माशा वारणारी, पान्हा चोरणारी गाय तिच्यात शोधू नये.

आणि माझा मुद्दा नेमका येथेच आहे. जुन्या घरात देवाची गाय भिंतीवर होती तेव्हा खरी गाय भिंतीपलीकडे कोठ्यात होती. चित्रकाराने शिंग चुकवले तरी बिघडत नसे. खरे शिंग कसे असते ते घरातले पोरही जाणून होते. आता पलीकडला कोठा गाडी ठेवायची जागा झाला आहे. 2012 च्या पशुगणनेत देशात गोवंशातले नर सुमारे 6.79 कोटी होते. 2019 च्या गणनेत ते सुमारे 4.74 कोटी भरले. याच काळात गाईंची संख्या वाढली. म्हणजे दूध हवे आहे, बैल नको आहे. आमच्याकडे याचे कारण ट्रॅक्टर असे सांगतात आणि ते खोटे नाही. पण दुसरे कारण सोयाबीन आहे. ज्वारीबरोबर कडबा यायचा आणि कडब्यावर बैल वर्ष काढायचे. ज्वारी गेली, कडबा गेला, मग ढेप विकत घेऊन वर्षभर जोडी कोण पोसणार? मराठीच्या तासाला ढवळ्या-पवळ्याची म्हण निघाली, की ढवळा कोणता आणि पवळा कोणता हे शेतकऱ्याच्याच मुलांना सांगावे लागते. चांद्या, मोऱ्या, बांडा ही नावेही तशीच चालली आहेत. अशा घरातल्या मुलाला उद्या बैल माहीत होईल तो भिंतीवरचाच. म्हणून तो कसा आहे ते पाहून घ्यावे.

पाहावे कसे, तर गुरांच्या बाजारातल्या जाणत्या कास्तकाराप्रमाणे. तो आधी जबडा उघडून दात बघतो: दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळला? मग खूर, मग वशिंड, मग चाल. भाव मागाहून, रुमालाखाली बोटे धरून. हीच नजर चित्रावर फिरवली तर भलीभली चित्रे उघडी पडतात. पाउलुस पॉटर या डच चित्रकाराने 1647 मध्ये ‘तरुण बैल’ हे प्रचंड चित्र काढले. आज ते हेग येथील संग्रहालयात आहे. सव्वातीन मीटरांहून रुंद, आणि अंगावरच्या माशीसकट सारे हुबेहूब. पण जाणकारांनी बारकाईने पाहिले तेव्हा ध्यानात आले, की त्या एका बैलात वेगवेगळ्या वयांच्या जनावरांचे अवयव एकत्र जुळवले आहेत. आमच्याकडच्या बाजारात तो उभा केला असता तर एखाद्या म्हाताऱ्याने हे त्याच दिवशी सांगितले असते!

उलट रोझा बोन्हर ही फ्रेंच बाई. घोड्यांच्या बाजारात आणि खाटिकखान्यात हिंडता यावे म्हणून तिने पोलिसांचा परवाना घेऊन पुरुषी कपडे वापरले. तिचे ‘घोडेबाजार’ छापील प्रतींतून घरोघर गेले. मला मात्र तिचे 1849 मधले नांगरटीचे चित्र अधिक मानवते. सहा-सहा बैलांची दोन औते चढावर चालली आहेत, पुढे नुकती उलथलेली ढेकळे. बैल पांढरे, फ्रान्सचे. पण मान खाली घालून ओढ घेणे सगळ्या मुलखात सारखेच. काळ्या मातीत चार-चार जोड्या जुंपून नांगरट पाहिलेली म्हातारी माणसे आपल्याकडे अजून आहेत. त्यांना हे चित्र दाखवावे. चित्रकाराचे नाव न विचारता ती औताविषयी बोलू लागतील. विलायती कुरणाऐवजी हे लावले तर पैसेही तेवढेच पडतात.

देशी हवे असेल तर कांगडा शैलीतले ‘गोधूली’ आहे. सुमारे 1790 मधले हे चित्र बोस्टनच्या संग्रहालयात आहे आणि त्याच्या छापील प्रती मिळतात. संध्याकाळी कृष्ण गुरे घेऊन गावात परततो, सज्जांतून बायका पाहतात, आणि दाराशी गुरांची एकच दाटी. एकमेकींना रेटत घरी निघालेल्या गाई ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे चित्र देवाचे आहे की गावाचे हे ठरवावे लागत नाही. पिछवाईतल्या गाई सुंदर आहेत, नाही कोण म्हणतो? पण त्या दर्शनाला उभ्या आहेत. या चालत घरी येतात.

एक तक्रार मात्र सर्वच चित्रकारांविरुद्ध आहे. म्हैस कुठे आहे? आपल्या चहात दूध बहुधा तिचे. अकोला, अमरावती, बुलडाणा या भागात लांब शिंगांची, भुरकट अंगाची पूर्णाथडी म्हैस हे आमच्या मुलखाचे खास भूषण. परंतु दिवाणखान्यात तिला मज्जाव. चित्रात येते ती महिषासुर होऊन नाहीतर यमाचे वाहन होऊन. तिच्या कुळाचा मान राखला तो ज्ञानेश्वरांच्या रेड्याने, तोही वेद म्हणाल्यावर! डबक्यात निवांत पडलेल्या म्हशीचे चांगले चित्र कोणी काढील तर मी ते पहिल्या दिवशी विकत घेईन.

आता लावण्याविषयी. जुन्या घरात तसबिरी आढ्याजवळ, पुढे झुकवून टांगत, कारण बघणारे सतरंजीवर बसत. सोफ्यावर बसणाऱ्यांनी ती चाल सोडावी. चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांपाशी आला म्हणजे पुरे. पश्चिमेच्या उन्हासमोर लावू नये; आमच्या वऱ्हाडी उन्हात छापील तांबडा दोन उन्हाळ्यांत उडतो आणि पवळ्याचा ढवळ्या होतो. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर चौकटीच्या मागे बुचाचे लहान तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागून हवा खेळते आणि वाळवीही लौकर दिसते. आणि एका भिंतीवर एकच कळप.

सर्वांत चांगले चित्र मात्र दुकानात मिळत नाही. ज्यांच्या दारात अजून जोडी आहे, त्यांनी पोळ्याची वाट पाहावी. आदल्या दिवशी खांद्याला हळद-लोणी चोळलेले असते, सकाळी बैल धुऊन निघतात, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल. पण फोटो काढायचा तो झूल घालण्याआधी, सकाळच्या कोवळ्या उन्हात, एका बाजूने, चारही पाय आणि वशिंड दिसेल असा. बैलाच्या उंचीवर वाकून, उभ्याने नव्हे. शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांना तो द्यावा आणि जलरंगात करून मागावा. त्याच्या प्रती जिल्ह्याच्या गावी सहज निघतात. भावांच्या वाटण्या झालेल्या असल्या तर प्रत्येकाच्या घरी एक. खाली बैलांची नावे आणि साल शाईने लिहून घ्यावे, आणि मास्तरांना सांगावे की शिंग मोडके असेल तर मोडकेच काढा.